प्रीमियम पेट्रोल टाकावं की साधं? पहिली गाडी घेतलेल्यांसाठी पायरीपायरीने

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, आय१० अशी रोजच्या वापरातली, टर्बो (इंजिनात हवा कोंबून भरणारी यंत्रणा) नसलेली गाडी असेल तर प्रीमियम पेट्रोलसाठी लिटरमागे सात-आठ रुपये जादा मोजायची गरज नाही. टर्बो-पेट्रोल असेल तर मॅन्युअल काय सांगतं ते बघायचं आणि तसंच करायचं. आणि टाकीच्या झाकणावर जास्त ऑक्टेनचा (पेट्रोल दाब आणि उष्णता किती सहन करतं त्याचा) आकडा ‘किमान’ म्हणून छापलेला असेल तर तिथे काटकसर करायची नाही.

उत्तर एवढंच आहे. पण पंपावरचा मुलगा ‘सर, प्रीमियम टाकतो, इंजिन चांगलं राहील’ म्हणतो, ऑफिसातला मित्र ‘माझा पिकअप एकदम बदलला’ म्हणून शपथेवर सांगतो, आणि हप्त्यावर घेतलेली नवीकोरी गाडी असल्याने आपलंही मन हळवं झालेलं असतं. लेकराला जरा चांगलं खाऊ घालावं तसं वाटतं. म्हणून कारणं नीट कळलेली बरी. एकदा कळली की पुढची दहा वर्षं हा प्रश्न पडत नाही.

पायरी १ : झाकण उघडा

गाडी सावलीत लावा आणि पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण उघडा. पंपावर हे काम नेहमी दुसराच कोणी करतो, त्यामुळे झाकणाच्या आतल्या बाजूला काय चिकटवलंय हे कितीतरी गाडीमालकांनी कधी पाहिलेलंच नसतं. तिथे एक छोटं स्टिकर असतं. बऱ्याच गाड्यांवर ‘फक्त अनलेडेड पेट्रोल’ एवढंच लिहिलेलं असतं, नव्या गाड्यांवर सोबत ‘ई२०’ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालतं अशी) खूण असते. काही गाड्यांवर मात्र ‘रॉन’ (ऑक्टेन मोजायची पट्टी) हा शब्द आणि एक आकडा असतो : ९१, ९५ किंवा ९८.

आकडा नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा आणि इंधनाचं पान शोधा. तिथे दोन प्रकारची वाक्यं सापडतात आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. एक असतं ‘किमान इतकं ऑक्टेन आवश्यक’. दुसरं असतं ‘इतकं ऑक्टेन वापरावं अशी शिफारस’. पहिलं वाक्य म्हणजे अट, ती पाळायचीच. दुसरं म्हणजे सल्ला : पाळला तर गाडी पूर्ण ताकद देईल, नाही पाळला तर थोडी मंद चालेल, पण बिघडणार नाही.

काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांवर ‘९५/९१’ असे दोन आकडे असतात. त्याचा अर्थ ९५ घाला अशी शिफारस आहे, ९१ चालेल, फक्त ताकद किंचित कमी आणि पेट्रोल किंचित जास्त लागेल. ‘९८/९५’ दिसलं तरी वाचायची रीत हीच.

मॅन्युअल हरवलं असेल किंवा गाडी जुनी घेतलेली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॅन्युअल मोफत मिळतं. वाचताना मॉडेलचं वर्ष आणि इंजिन दोन्ही जुळवून घ्या. एकाच नावाच्या गाडीत साधं इंजिन आणि टर्बो इंजिन असे दोन्ही पर्याय असतात, आणि त्यांचं इंधनाचं पान वेगळं असू शकतं.

पायरी २ : हा आकडा सांगतो काय?

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. ९५ ऑक्टेनच्या लिटरात ९१ ऑक्टेनच्या लिटरापेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. ऑक्टेन सांगतं ते एवढंच : हे पेट्रोल दाब आणि उष्णता किती सहन करतं, ठिणगी पडायच्या आधी आपणहून पेटत नाही ना. मोजायची पट्टी दोन द्रव्यांवर ठरवलेली आहे. आयसो-ऑक्टेन सहजासहजी आपोआप पेटत नाही, त्याला १०० दिले. नॉर्मल हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा आकडा.

इंजिनात काय होतं ते बघा. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाळा प्लगपासून कडेकडे पसरत जाते. हे व्यवस्थित चालू असताना कडेला उरलेलं मिश्रण वाढत्या दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकलं, तर इंजिनातून धातूवर बारीक ठोकल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. गॅरेजवाले ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. सतत होऊ दिलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केटला इजा होते.

मिश्रण जितकं जास्त दाबलं जातं तितका हा धोका मोठा, आणि तितकं जास्त ऑक्टेन लागतं. टर्बो इंजिनात हवा आधीच कोंबून भरलेली असते, म्हणून तिथे हा प्रश्न आधी येतो. साध्या इंजिनात कंपनीने दाब असा ठरवलेला असतो की देशातल्या कुठल्याही पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ते सुखाने चालावं. गडचिरोलीतल्या पंपावर मिळणारं पेट्रोल चालणार नसेल तर अशी रोजच्या वापरातली गाडी भारतात खपणार नाही.

म्हणजे ऑक्टेन हा चपलेच्या मापासारखा प्रकार आहे. सात नंबरचा पाय असेल तर नऊ नंबरची चप्पल महाग घेतली म्हणून चाल सुधारत नाही. ज्या इंजिनाला नॉकिंगच होत नाही, त्याला नॉकिंग रोखणारं आणखी पेट्रोल देऊन हाती काही लागत नाही.

मग टर्बोवाल्यांना फरक जाणवतो तो का? आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. इंजिनाला चिकटवलेला एक छोटा कान म्हणा. ठोकल्याची चाहूल लागली की तो इंजिनाच्या संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे सरकवतो. नॉकिंग थांबतं, पण ताकद थोडी कमी होते. टर्बो इंजिनात चढावर, भर उन्हात, गाडी भरलेली असताना हे पुन्हा पुन्हा घडू शकतं. जास्त ऑक्टेन असेल तर संगणकाला मागे सरकावं लागत नाही. फरक जाणवतो तो यामुळे, आणि तो खराच असतो. पण ज्या इंजिनाचा संगणक मागे सरकतच नव्हता, तिथे परत मिळवायला काही नसतं.

याची पद्धतशीर तपासणी अमेरिकेत ‘एएए’ या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने केली. २०१६ मध्ये त्यांनी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून बघितलं. ताकद, मायलेज, धूर यांत अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. अशा गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकी लोकांनी वर्षभरात २०० कोटी डॉलरहून जास्त पैसे वाया घालवले, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी त्यांनी प्रीमियमची ‘शिफारस’ असलेल्या, पण अट नसलेल्या गाड्या तपासल्या. तिथे मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. हे २.७ टक्के लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागतील.

तिकडे राहणारा भाऊ किंवा मावशी ‘आम्ही तर ८७च टाकतो’ म्हणाली तर गोंधळू नका. अमेरिकेत आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, दोन चाचण्यांची सरासरी घेऊन. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. त्यांचं पेट्रोल हलकं नाही, फक्त पट्टी निराळी आहे.

पायरी ३ : आपल्या पंपावर नक्की काय मिळतं?

एप्रिल २०२० मध्ये देशभर बीएस६ (प्रदूषणाच्या कडक नियमांचं) पेट्रोल आलं. गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन तेव्हा ९१ होतं. त्याच्या वर प्रीमियम : इंडियन ऑइलचं एक्सपी९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, शेलचं व्ही-पॉवर. सगळ्यांत वर १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती.

त्यानंतर इथेनॉल आलं आणि चित्र बरंच बदललं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळे ते मिसळलं की मिश्रणाचंही वाढतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्टच सांगितलं की २० टक्के इथेनॉलवालं आजचं साधं पेट्रोल ९५ रॉनपर्यंत पोचलं आहे.

याचा अर्थ नीट घ्या. साधंच ९५ असेल, तर केवळ ‘९५’ या आकड्यासाठी प्रीमियमला जादा पैसे देण्याचं कारण बरंचसं संपलं. माझ्या मते आज साध्या गाडीवाल्याने प्रीमियम न घेण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे, आणि पंपावर ते कोणी सांगत नाही.

याच इथेनॉलमुळे मायलेज घटल्याची तक्रारही खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातच ते मान्य केलेलं आहे : जुन्या धर्तीच्या चारचाकींत, म्हणजे मुळात निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत, मायलेज ६-७ टक्के कमी होऊ शकतं, ज्या २० टक्क्यांसाठी जुळवल्या आहेत त्यांत १-२ टक्के. म्हणून काही जण प्रीमियमकडे वळतात. पण ९५ च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतंच, त्यामुळे त्या दुखण्यावर ते औषध नाही. इथेनॉल टाळण्यासाठी १०० ऑक्टेनकडे जाणारेही भेटतात. त्याचा दर दीडशेच्या पुढे असतो. १०४ रुपयांच्या ऐवजी १६० रुपये म्हणजे जवळपास ५४ टक्के जास्त, ते ७ टक्के मायलेज परत मिळवण्यासाठी. रोजच्या गाडीला हा व्यवहार परवडत नाही.

तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल आणि रबरी नळ्यांची काळजी वाटत असेल तर सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा. आवश्यक त्या नळ्या आणि सील बदलून घेणं हा उपाय आहे. महाग पेट्रोल हा नाही.

पायरी ४ : इंजिन साफ ठेवणाऱ्या औषधाचं काय?

प्रीमियमचा दुसरा दावा खरा आहे, तो नीट तोलायला हवा. त्यात साफसफाईची द्रव्यं घातलेली असतात. ती इंजेक्टरच्या टोकावर आणि व्हॉल्व्हवर साचणारी काजळी कमी करतात. अशा द्रव्यांचा उपयोग होतो यात शंका नाही. एएएच्याच २०१६ च्या दुसऱ्या तपासणीत चांगली द्रव्यं असलेल्या आणि नसलेल्या पेट्रोलवर इंजिनं ४,००० मैलांच्या तोडीची चालवली, तेव्हा नसलेल्यांत सरासरी १९ पट जास्त घाण साचली होती. मात्र ही तुलना साध्या पेट्रोलमधल्याच वेगवेगळ्या ब्रँडची होती. म्हणजे साफसफाई आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे त्या एकाच नोझलमधून विकल्या जातात एवढंच.

यात इंजिनाचा प्रकारही बघायला हवा. ज्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, तिथे द्रव्य व्हॉल्व्हवरून वाहतं आणि तो धुतो. नव्या जीडीआय आणि टीएसआय इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे इंजेक्टरचं टोक साफ राहील, पण आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला पेट्रोल शिवतच नाही, मग तो धुणार कुठून?

तुमची गाडी बहुतेक वेळ शहरात, पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांतच फिरत असेल आणि मनाला बरं वाटत असेल, तर सर्व्हिसिंगच्या आधी एखादी टाकी प्रीमियमची भरायला हरकत नाही. दर वेळी भरायची गरज नाही. माझं स्पष्ट मत : हेच पैसे वेळच्या वेळी एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि चांगलं ऑइल यांत घाला. मॅन्युअलमध्ये प्लग बदलायचे किलोमीटर दिलेले असतात, ते फार कमी लोक पाळतात.

पायरी ५ : कागद-पेन घ्या

दर शहरागणिक आणि दिवसागणिक बदलतो, म्हणून उदाहरणासाठी गोल आकडे धरू. साधं १०४ रुपये, प्रीमियम ११२ रुपये. फरक ८ रुपये, म्हणजे ७.७ टक्के.

गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं समजा. साध्यावर किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे पडतात. प्रीमियमवर तेवढेच पडायचे असतील तर गाडीने १६.१५ द्यायला हवेत. याहून कमी दिलं तर तोटा.

आता मघाचे २.७ टक्के आठवा. ज्या गाड्यांना प्रीमियमची शिफारस आहे, त्यांतली ती सरासरी वाढ. १५ चे १५.४ होतात. म्हणजे शिफारस असलेल्या गाडीतसुद्धा पैसे वसूल होत नाहीत. तिथे तुम्ही पैसे देता ते इंजिनाच्या पूर्ण ताकदीचे, बचतीचे नव्हे. ताकद हवी असेल तर खुशाल द्या, फक्त कशाचे देतोय ते माहीत असू द्या.

महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्याला साधारण ६७ लिटर लागतं. ८ रुपयांप्रमाणे महिन्याचे ५३३, वर्षाचे ६,४०० रुपये. लहान गाडीची एक सर्व्हिसिंग होईल इतकी ही रक्कम आहे. पगारातून हप्ता जाणाऱ्या घरात वर्षाला ६,४०० रुपये नुसत्या समजुतीपायी जाताना पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं.

तुमच्या शहरातले त्या दिवशीचे दर घ्या आणि हाच हिशेब करा. प्रीमियमचा दर भागिले साध्याचा दर, त्याला तुमच्या मायलेजने गुणा. येईल तो आकडा प्रीमियमवर गाठता आला तरच पैसे वसूल.

पायरी ६ : मोजून बघायचंच असेल तर

दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका आणि गाडीच्या पडद्यावरच्या अ‍ॅव्हरेजवरही जाऊ नका, तो अंदाज असतो. टाकी ते टाकी मोजा.

एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, पहिला ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा. नोझल आपोआप बंद झाला की थांबायचं, ‘शंभरचा आकडा करतो’ म्हणून वर ओतू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव राहीपर्यंत नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. अशा तीन टाक्या साध्याच्या, तीन प्रीमियमच्या आणि मग पुन्हा दोन साध्याच्या. शेवटच्या दोन विसरू नका. ऋतू बदलल्याने किंवा रस्ता मोकळा झाल्याने वाढलेलं मायलेज तिथेच उघडं पडतं. प्रीमियमची पहिली टाकी हिशेबात धरू नका, कारण तळाशी जुनं पेट्रोल असतं आणि इंजिनाच्या संगणकालाही जुळवून घ्यायला वेळ लागतो.

टायरमधली हवा दर वेळी सारखी हवी. हिशेब लिटरमध्ये करा, रुपयांत नको. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असल्याने सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी सीमेपलीकडे टाकी भरून येतात, आणि मग रुपयांच्या हिशेबात मायलेज वाढल्यासारखं दिसतं.

पिकअपबद्दलचा आपला अंदाज फसवा असतो. जादा पैसे दिलेत हे डोक्यात असलं की पाय वेगळा पडतो. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्याला टाकी भरायला सांगा आणि कुठलं भरलं ते तुम्हाला सांगू नका म्हणावं.

पायरी ७ : इंजिन ठोकत असेल तर

खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट, एप्रिल-मेची दुपार, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि मागे सामान. नॉकिंग ऐकू यायचं असेल तर ते अशा वेळी. नव्या ड्रायव्हरची एक सवय त्याला आमंत्रणच देते : गाडी चौथ्या गिअरमध्ये रडत असते आणि तो अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतो. गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढतील, आवाज मोठा होईल, त्याला घाबरू नका. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं टाकणं इंजिनाला जास्त त्रासाचं असतं, टर्बो इंजिनाला तर विशेषच. बहुतेक वेळा ठोकणं तिथेच थांबतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

गिअर खाली घेऊनही, सपाट रस्त्यावरही आवाज येत असेल तर एक टाकी जास्त ऑक्टेनची भरून बघा. आवाज गेला तर खूण पटली, पण मूळ कारण शोधायचं राहिलंच आहे : साचलेली काजळी, चुकीच्या प्रकारचे प्लग, इंजिन जास्त तापणं, बिघडलेला नॉक सेन्सर किंवा आधीच्या पंपावरचं खराब पेट्रोल. गॅरेजमध्ये दाखवा. वर्षानुवर्षं प्रीमियम घालून दुखणं दाबून ठेवू नका.

टर्बोवाल्यांनी ऑइलची जात मॅन्युअलमध्ये सांगितली आहे तीच वापरावी. स्वस्तातलं दुसरं नको. विदर्भात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा शिफारस असलेल्या टर्बो गाडीत उन्हाळ्यापुरतं जास्त ऑक्टेन वापरणं मला पटतं. उलट महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाला ऑक्टेन कमीच लागतं.

नॉक सेन्सर नसलेली कार्बोरेटरची जुनी गाडी कोणी जपून ठेवली असेल तर तिचं गणित वेगळं. तिला मागे सरकवणारा संगणक नाही, तेव्हा कान आपलाच वापरावा लागतो आणि टायमिंग हाताने जुळवून घ्यावं लागतं.

पायरी ८ : पंपावर

उतरून उभे राहा. झाकण उघडायच्या आधी मोठ्याने सांगा : ‘साधं, हजाराचं.’ काही पंपांवर न विचारता प्रीमियमचा नोझल उचलला जातो आणि टाकीत गेलेलं पेट्रोल परत काढता येत नाही. ‘झिरो बघा सर’ म्हटल्यावर आपण शून्य बघतो आणि समाधानी होतो. शून्याच्या खाली तिसरी ओळ असते ती दराची. तीही बघा. १०४ च्या जागी ११२ दिसलं तर तिथेच थांबवा.

‘साधं संपलंय’ असं उत्तर मिळालं आणि गाडीत पेट्रोल असेल तर शांतपणे पुढच्या पंपावर जा. नसेल तर दोनशे-तीनशेचं प्रीमियम टाकून निघा, टाकी फुल करू नका. साधं आणि प्रीमियम एकत्र झाल्याने काहीही बिघडत नाही. रोज प्रीमियम घालणाऱ्याने उद्यापासून साधं घातलं तरी इंजिन रुसत नाही, ‘सवय लागते’ हे खरं नाही.

शुद्धतेची शंका आली तर महाग पेट्रोल हा इलाज समजू नका, तपासा. पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. नोझलच्या टोकाचा एक थेंब त्यावर टाकायचा. दोन-एक मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला तर ठीक, गडद डाग राहिला तर भेसळीची शंका. घनता फलकावर किंवा यंत्रावर दिसते, ती ७२० ते ७७५ (घनमीटरला किलो) च्या दरम्यान हवी. माप कमी वाटलं तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवलेलं असतं, त्यात मोजून दाखवा म्हणा. तक्रारवहीही मागता येते. संकोच करू नका, मागणाऱ्यांमुळेच पंप नीट चालतात.

ज्यांच्या झाकणावर मोठा आकडा आहे

इथे मी उलट्या बाजूने आग्रह धरतो. गाडीला ९५ किंवा ९८ ‘किमान’ लागत असेल तर तेवढं घालायचंच, पैसे वाचवायला जाऊ नका. सेकंडहँड जर्मन सेडान स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांनी सौदा करण्याआधीच झाकण उघडून बघावं आणि १०० ऑक्टेनचा पंप आपल्या वाटेवर आहे का तेही पाहावं.

लांबच्या प्रवासात, कोकणात किंवा मराठवाड्याच्या आतल्या रस्त्यांवर, तसा पंप मिळाला नाही तर टाकी अर्धी असतानाच हाताशी असेल ते सगळ्यात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल थोडंसं घ्या, म्हणजे आधीच्या चांगल्या पेट्रोलात ते मिसळेल. मग पुढच्या मोठ्या शहरापर्यंत अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवा, ओव्हरटेक करताना पूर्ण दाबू नका, चढावर गिअर खाली घ्या, स्पोर्ट मोड बंद ठेवा. नॉक सेन्सर आपलं काम करेल. आणि शहर आलं की पहिल्याच योग्य पंपावर टाकी भरून घ्या.